साठ बाळंतविडे

मी लवकर चिडते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे माझा आवाज बऱ्याचदा चढलेला ऐकू येईल. नवरा म्हणतो, जर्मनीत र्युसेल्सहाइममधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी कुणालाच येत नाही, पण "अहो, किती वेळा सांगायचं!" एवढं वाक्य मात्र तिन्ही मजल्यांना पाठ झालंय. त्यातलं निम्मं श्रेय नवऱ्याचं आणि निम्मं सासूबाईंचं.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. दिवसभर त्या घरी एकट्या, मी आणि नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. संध्याकाळी आठला टीव्हीवर बातम्या लागल्या की आई सोफ्यावर मांडी घालून बसायच्या. जर्मन ओ की ठो कळायचं नाही, पण चित्रं कळायची. तंबू, पडलेल्या भिंती, हातात भांडी घेऊन उभी असलेली पोरं आणि त्यांच्या आया. कधी ओलीस ठेवलेल्या माणसांच्या आया, मुलाचा फोटो छातीशी धरून. आई दोघींनाही "बिचारी गं" म्हणायच्या. कुठली कुणाच्या बाजूची हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"काय म्हणतोय तो कोटवाला?" त्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारायच्या.

"इथल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तातडीनं युद्धविराम करायचं आवाहन केलंय."

"काल काय केलं होतं?"

"कालही आवाहनच."

"आणि परवा?"

"परवा तीव्र चिंता व्यक्त केली होती."

"म्हणजे चिंतेवरून आवाहनावर आले. बरंय, सरकतायत तरी," आई म्हणायच्या आणि उठून वरणाला फोडणी द्यायला जायच्या.

हे सगळं टीव्हीतून आमच्या घरात शिरलं ते एका बाईमुळे. माझी मुलगी झाली तेव्हा माझ्याकडे येणारी हेबामे, म्हणजे इथली सुईण, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. तीस वर्षांपूर्वी ती गाझाहून नर्सिंग शिकायला जर्मनीत आली आणि इथलीच झाली. बाळंतपण संपलं तरी आमची मैत्री राहिली. ती चहाला आली की आईंची आणि तिची जोडी जमायची. भाषा एकही सामाईक नाही, पण आईंनी आयुष्यात नात्यागोत्यातली वीसेक बाळंतपणं निभावलेली आणि हिनं हजारो. तेल कसं लावायचं, पोट कसं बांधायचं, यावर दोघी हातवारे करून तासभर बोलायच्या आणि दुभाषी म्हणून मला मध्ये उभं करायच्या. माझा चहा दर वेळी गार.

एक दिवस ती आली आणि चहाला हात लावेना. तिच्या बहिणीची मुलगी तिकडे तंबूत राहत होती, सातवा महिना, पहिलटकरीण. ही रोज फोन करायची, लागला तर लागायचा.

"मी विचारते, जेवलीस का? ती म्हणते, हो मावशी, पोटभर जेवले. रोज पोटभर!" हेबामे म्हणाली. "खोटं बोलते. मी फोटोत तिची मनगटं बघितलीत."

मी ते मराठीत सांगितलं. आईंनी हेबामेचा गार झालेला कप उचलला, चहा परत गरम केला आणि तिच्या हातात दिला.

हेबामेनं एक बेत ठरवला होता. भाचीच्या तंबूजवळ एक बाळंतिणींचा दवाखाना होता, तोही तंबूतलाच. तिथे पाठवायला साठ खोकी भरायची, एका बाळंतिणीला एक. साबण, लंगोट, टॉवेल, आईसाठी पौष्टिक बिस्किटं, पावडरची पाकिटं. मदत नेणाऱ्या एका संस्थेनं ट्रकमध्ये जागा द्यायचं कबूल केलं होतं, चर्चवाल्यांनी त्यांचा हॉल दिला होता. अडलं होतं कागदपत्रांवर. आणि माझं कामच मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं सॉफ्टवेअर लिहिणं. आता बोला! नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

आईंना समजावून सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "अगं, म्हणजे बाळंतविडाच की हा! साठ बाळंतविडे! मग डिंकाचे लाडू मी करते."

"अहो आई, लाडू नाही चालणार. घरी केलेलं काहीच नाही चालणार. सगळं नवं, सीलबंद आणि यादीत असेल तेवढंच. काच नको, टोकदार काही नको. साठच्या साठ खोकी सारखी. एका खोक्यात जरी यादीबाहेरचं निघालं तरी सगळा माल बाजूला ठेवतात. कळलं?"

"कळलं. लाडू नाहीत," आई म्हणाल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. आई इतक्या चटकन कधीच ऐकत नाहीत.

हॉलमध्ये तीन शनिवार खोकी भरली. भरण्याची व्यवस्था पाहायला एक निवृत्त फोरमन होता. गावातल्या मोटारींच्या कारखान्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं टेबलं एका रांगेत लावली, प्रत्येकाला एकच काम दिलं आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून स्वतः रांगेच्या तोंडाशी उभा राहिला. एक जण साबण टाकणार, दुसरा लंगोट, खोकं सरकत सरकत पुढे. शेवटच्या टेबलावर आई. त्यांचं काम टॉवेल वर पसरून खोक्याची पाखं मिटायची. त्यांच्या शेजारी चिकटपट्टी लावायला माझी बारा वर्षांची मुलगी.

फोरमनचं आणि आईंचं दर शनिवारी वाजायचं. तो इथल्या हेसन प्रांताच्या ठेक्यात ओरडायचा, "फ्राऊ आई, वीस सेकंद जास्त!" घरी आम्ही सगळे आई म्हणतो म्हणून तिथेही त्या फ्राऊ आई झाल्या होत्या. आई शांतपणे मराठीत म्हणायच्या, "तुझ्या घड्याळाला म्हणावं, बाळंतिणीचं सामान आहे, नट-बोल्ट नाहीत." माझी मुलगी ते जर्मनमध्ये सांगताना एवढं गोड करून सांगायची की फोरमन मान डोलवून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा. मोठेपणी ही पोरगी नक्की कुठल्यातरी वकिलातीत जाणार!

तिसऱ्या शनिवारी साठावं खोकं बंद झालं. मी एका खोक्याचा माल यादीप्रमाणे जोडून वजन काढलं होतं, सात किलो दोनशे. तेच साठांसाठी लिहिलं, कागद पाठवले आणि चार दिवसांत मंजूर होऊन आले. एकही चूक नाही! मी ऑफिसात सगळ्यांना ते सांगत सुटले होते.

ट्रक पुढच्या महिन्यात जायचा होता. पण त्या गुरुवारी बातम्यांमध्ये नेहमीचे कोटवाले हसताना दिसले. बोलणी करून करून शेवटी काही दिवस लढाई थांबवायचं ठरलं होतं आणि मदतीसाठी वाट उघडणार होती. किती दिवस, ते कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. तासाभरात हेबामेचा फोन. ट्रक उद्याच निघणार, दुपारी बाराला हॉलसमोर येईल आणि थांबणार नाही, कारण त्याला आणखी तीन गावांतून माल उचलायचाय.

"आठवा संपत आला तिचा," ती म्हणाली. "हा ट्रक गेला तर गेला. पुढचा कधी, देवाला ठाऊक."

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. शाळेला कसलीशी सुट्टी होतीच, म्हणून मुलगी आणि आई दोघींना घेऊन साडेनऊला हॉलवर पोचले. फोरमननं काटा मांडून ठेवला होता. चढवण्याआधी प्रत्येक खोक्याचं वजन करायचं, एवढंच काय ते उरलेलं. पहिलं खोकं ठेवलं. सात किलो चारशे.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हटलं.

"काटे बिघडत नाहीत, माणसं बिघडतात," फोरमन म्हणाला. दुसरं खोकं ठेवलं. सात चारशे दहा. तिसरं, सात किलो तीनशे ऐंशी.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझी यादी मंजूर होऊन आलेली, आणि हा माणूस माझ्या यादीवर शंका घेतो? मी त्याला काट्यावरून नाही नाही ते ऐकवलं. तो सरळ हॉलच्या स्वयंपाकघरात गेला, साखरेचा एक किलोचा पुडा आणला आणि काट्यावर ठेवला. एक किलो, वर कागदाचे चार ग्रॅम. "आल्झो?" तो म्हणाला, म्हणजे "मग?" आता चूक माझ्याच यादीत असणार, म्हणून मी ती पहिल्या ओळीपासून परत तपासली.

शेवटी एक खोकं फोडलं. वरचे टॉवेल उचलले. खाली, घडी घालून, फिकट जांभळं दुपटं. चौकडीच्या काठाचं. जुन्या सुती साडीचं, दोन पदरी, कडेनं हातानं घातलेला बारीक धावदोरा.

मी दुपट्याकडे बघितलं. मग आईंकडे बघितलं. आई खिडकीकडे बघत होत्या.

"अहो आई! हे काय करून ठेवलंत!"

"दुपटं आहे," आई म्हणाल्या.

"ते दिसतंय मला! किती खोक्यांत?"

"सगळ्यांत. एकाला द्यायचं आणि एकाला नाही, असं असतं का?"

मी कपाळाला हात लावला. बॅगेत लोणच्याच्या बरण्यांभोवती त्यांनी चार जुन्या साड्या गुंडाळून आणल्या होत्या, त्या मला माहीत होत्या. बाकीच्या? बाकीच्या त्यांनी बाड हॉम्बुर्गपासून फ्रँकफर्टपर्यंत मुलांकडे राहायला आलेल्या यच्चयावत सासवांकडून गोळा केल्या होत्या. बुधवारी या सगळ्या आमच्याकडे भजनाला जमतात असं मला सांगण्यात आलं होतं. भजन कसलं, तिथे सुया चालू होत्या! आणि शनिवारी आईंच्या पिशवीतून वीस-वीस दुपटी हॉलवर जायची, टॉवेलखाली.

मी मुलीकडे वळले. ती आईंच्या शेजारीच उभी असायची. "तुला माहीत होतं?"

"मला कुणी विचारलंच नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. वकिलातच.

तेवढ्यात हेबामे आली, कुणाच्या तरी घरची तपासणी उरकून, धापा टाकत. फोडलेलं खोकं बघून तिनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. वापरलेलं कापड, यादीत नाही, साठही खोक्यांत. असं गेलं तर तपासणीत सगळंच अडकणार. ती आधी पांढरी पडली आणि मग भडकली. इतक्या वर्षांत मी तिला भडकलेली कधी पाहिली नव्हती. जर्मनमध्ये सुरू झाली आणि अरबीत गेली. मग खुर्चीत बसून तिनं तोंड ओंजळीत धरलं. "दोन तास आहेत फक्त," एवढंच म्हणत राहिली.

मग मीही सुटले. चारचौघांत, सासूबाईंवर, मोठ्या आवाजात. "सांगितलं होतं ना मी, सगळं नवं हवं म्हणून? जुने कपडे चालत नाहीत तिथे!"

"कुणाला चालत नाहीत?" आई म्हणाल्या. "बाळाला? अगं, अंगाला लागणारं पहिलं कापड कुणी कोरं घालतं का? टोचतं ते. तुझ्या नवऱ्याला पहिले चाळीस दिवस माझ्या आईच्या लुगड्यात गुंडाळलेलं. बाळाला जुनंच लागतं. हे त्या यादीवाल्यांना माहीत नसेल, त्यात माझा काय दोष?"

आईंचं लक्ष खुर्चीतल्या हेबामेकडे गेलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"ट्रक किती वाजता?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाराला."

"मग बोलत काय उभी राहिलीस?" असं म्हणून त्यांनी दुसरं खोकं ओढलं आणि चिकटपट्टी टरकन फाडली.

फोरमननं आयुष्यात पहिल्यांदा पट्टा उलटा चालवला. मी खोकं फोडायचं, आईंनी दुपटं काढायचं, हेबामेनं टॉवेल परत नीट पसरायचे, मुलीनं चिकटपट्टी लावायची, फोरमननं वजन करून ओरडायचं, "सात दोनशे! पुढचं!" स्टॉपवॉच बाजूला पडलं होतं. हॉलमध्ये गाण्याच्या तालमीला आलेल्या चार म्हाताऱ्या बायका काही न विचारता खोकी उचलायला लागल्या. आई दुपटी काढून काढून मांडीवर ठेवत होत्या. माझ्या साखरपुड्याला त्या नेसलेली इरकल मी ओळखली, तिची तीन दुपटी झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला वेळ कुठे होता!

आई एकदाही थांबल्या नाहीत. कुरकुर नाही, उसासा नाही. चाळिसाव्या खोक्याला हेबामेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला, दुसऱ्या हातानं टॉवेल पसरत राहिली. बाराला दहा कमी असताना साठावं खोकं काट्यावर चढलं. सात किलो दोनशे. फोरमन एवढ्यानं ओरडला की म्हाताऱ्या दचकल्या. आणि ट्रक? ट्रक आला सव्वाबाराला, रस्त्यात स्टाऊ, म्हणजे ट्रॅफिक जॅम होता म्हणून! या गावात उशिरा आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला मिठी मारणारी मी पहिलीच असेन.

ट्रक गेल्यावर मधल्या टेबलावर दुपट्यांचा ढीग उरला. हेबामेनं एक उचललं, गालाला लावलं, आणि म्हणाली, "किती मऊ आहे गं हे." मग सगळी उचलून गाडीत टाकली. तिला घरोघरी बाळंतिणी बघायला जायचं असतंच. त्या उन्हाळ्यात मी माइन नदीच्या काठानं फिरायला जायची तेव्हा एखाद्या बाबागाडीतून नारायणपेठी काठ डोकावायचा आणि मी ओळख नसलेल्या बाईला उगीचच हसून "हालो" करायची.

आईंची माफी मी घरी गेल्यावर मागितली. "चल, काहीतरीच," त्या म्हणाल्या. "ओरडलीस ते बरं झालं, नाहीतर मी वाद घालत बसले असते." त्यावर आम्ही दोघी एवढ्या हसलो की नवरा आतल्या खोलीतून विचारायला आला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आमचा माल तिकडे सीमेवर पोचला आणि अडकला. लढाई थांबली होती, ती मध्येच सुरू झाली, परत थांबली. मंत्री फोन करत होते, विमानानं इकडून तिकडे जात होते, आवाहनं होत होती. आई आता आठच्या बातम्यांना मुलाला एकच प्रश्न विचारायच्या. "वाट उघडली का?" बाकी कुणी काय म्हटलं यात त्यांना रस उरला नव्हता. हेबामे येईनाशी झाली. मीच तिच्याकडे जायची. भाचीचा फोन लागत नव्हता. एक दिवस, दोन दिवस, मग पाच. दिवस भरले होते तिचे. हेबामे रोज इथल्या बायकांची बाळंतपणं करत होती आणि घरी येऊन फोनसमोर बसत होती.

आईंच्या परतीला आठवडा उरला असताना, एका रविवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर हेबामे बूट न काढताच थेट स्वयंपाकघरात. आमच्याकडे बूट घालून आत येणाऱ्याची आईंपुढे धडगत नसते. पण तिचा चेहरा बघून त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"मुलगी झाली," हेबामे म्हणाली. "निरोप आलाय. आवाजातला."

मी ओरडलेच आनंदानं! पण ती हसेना. तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि निरोप लावला. भाचीचा थकलेला आवाज, अरबी, आणि मागे बाळ रडतंय. हेबामे सांगत गेली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. खोकी आली, सगळी नाही, पण बरीच आली. बिस्किटं खाल्ली. अंगावर दूध भरपूर येतंय. मावशी, काळजी करू नकोस.

"मग झालं की!" मी म्हटलं.

"काय झालं?" हेबामे माझ्यावर खेकसली. "काहीच आलं नसतं, तरी ती हेच म्हणाली असती. शब्द न् शब्द हेच. नऊ महिने ती मला पोटभर जेवले म्हणून सांगतेय. मी कसा विश्वास ठेवू?"

मी ते आईंना सांगितलं. आईंनी पदराला हात पुसले. फोन उचलून कानाला लावला आणि मला खूण केली, परत लाव म्हणून. मी लावला. त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाल्या, "परत." तिसऱ्यांदाही "परत." अरबीतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. हेबामे त्यांच्याकडे एकटक बघत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आई भाचीचं बोलणं ऐकतच नव्हत्या.

"हे भुकेचं रडणं नाही," आई म्हणाल्या. "भुकेल्या पोराला एवढा दम नसतो. ते तुटत तुटत रडतं, मग नुसतं कण्हतं. ही बघ कशी ठणाणा करतेय! हिचं पोट भरलंय. हिला फक्त कुणीतरी उचलून घ्यायला हवंय. सांग तिला."

मी सांगितलं.

हेबामे ओट्याला टेकली. "मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच वाटलं. तीस वर्षं मी हे ऐकतेय. पण आपल्या घरचं मूल असलं की कानांवर भरवसा राहत नाही गं." आणि ती आईंच्या हातांत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

आईंनी तिला रडू दिलं. मग फोन तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तू लाव. परत एकदा ऐकू दे पोरीला."

तिनं लावला. आम्ही तिघी ओट्याशी उभ्या राहून त्या पोरीचं रडणं शेवटपर्यंत ऐकलं.